आधी नक्कल, मग दुरुस्ती
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात, जानेवारी २०२६ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अरे, मला भाषण जमत नाही." तिकडून उत्तर आलं, "आठवणींवर सगळेच बोलणार आहेत. तू लॅपटॉपवर बोल. ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, लॅपटॉप फार स्लो झालाय, नवा घेऊ का? तू प्रत्येकाला वेगळं सांगत बसतोस. एकदाच सगळ्यांना सांगून टाक." म्हणून उभा आहे. शाळेत मी उभा राहायचो तो बहुतेक वेळा बाकावर, स्टेजवर ही पहिलीच वेळ.

ज्यांची इतक्या वर्षांत भेट नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दहावीनंतर मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला. काही वर्षं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात सोल्डरिंग करत काढली. १९९८ पासून आपल्याच गावात, बाजारपेठेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी टीव्ही यायचे, मग कॉम्प्युटर आले, आता टेबलावर लॅपटॉपच जास्त असतात. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालं, कुणी प्राध्यापक, कुणी बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालं. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावरचं.

आज एकाच लॅपटॉपची गोष्ट सांगतो, म्हणजे बाकीचं त्यातच येईल. तो लॅपटॉप आपल्या मराठीच्या बाईंचा. बाई समोरच बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांग, पण शुद्ध बोल."

मागच्या श्रावणात बाई रिक्षातून दुकानात आल्या, मांडीवर लॅपटॉपची बॅग. म्हणाल्या, "हा चालू व्हायला इतका वेळ घेतो की माझा चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. एका ठिकाणी दाखवला. ते म्हणाले, जुना झालाय, फॉरमॅट मारून देतो, नाहीतर नवा घ्या. तू काय म्हणतोस?"

मी लगेच काही म्हटलं नाही. आपल्याकडे लॅपटॉप स्लो झाला की दोनच औषधं सांगतात, फॉरमॅट किंवा नवा. पण स्लो होणं हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला की डॉक्टर आधी विचारतो, कधीपासून, किती, कोणत्या वेळी. लॅपटॉपलाही तेच प्रश्न विचारायचे असतात, आणि ते तुम्हाला घरी बसून विचारता येतात.

पहिला प्रश्न: सुरू केल्यापासूनच मंद चालतो, की वीस-पंचवीस मिनिटांनी मंद होतो? आधी बरा चालतो आणि मग पंखा ओरडायला लागून गती पडते, तर संशय उष्णतेवर. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून हळू चालतो. दुसरा प्रश्न: सगळीच कामं मंद, की फक्त इंटरनेटची? फक्त इंटरनेट मंद असेल तर मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बघा. त्यावर नीट चाललं तर दोष घरच्या वायफायचा आहे, लॅपटॉप दुकानात नेऊन उपयोग नाही. तिसरा प्रश्न: चार्जर लावल्यावर बरा आणि बॅटरीवर मंद, असं होतं का? तसं असेल तर पॉवरची सेटिंग बघा. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप गती कमी करतो. आणि उलटंही होतं. काही लॅपटॉपना कमी क्षमतेचा किंवा न ओळखता येणारा चार्जर लावला तर ते मुद्दाम हळू चालतात. मूळ चार्जर हरवल्यावर रस्त्यावरून स्वस्तातला घेतला आणि त्याच आठवड्यापासून लॅपटॉप रेंगाळायला लागला, असे गिऱ्हाईक माझ्याकडे बरेच येतात.

बाईंनी उत्तरं दिली. सुरू केल्यापासूनच मंद, सगळ्याच कामांत मंद, आणि वर्षभरात हळूहळू वाढलेलं. शेवटी एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली, "कधी कधी मधेच गोठतो, आणि आतून टिक् टिक् असा आवाज येतो." ते ऐकून मी लॅपटॉप उघडण्याआधी बंद केला. का, ते पुढे सांगतो.

आधी तुम्ही घरी काय बघू शकता ते सांगतो. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. घाबरू नका, नुसतं बघून काही बिघडत नाही. तिथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने दिसतात आणि प्रत्येकाखाली टक्के असतात. लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटं काही न करता ठेवा आणि मग बघा. काम नसताना तिघांपैकी जो शंभर टक्क्यांच्या आसपास अडकून बसलाय, त्याच्यापाशी रोग शोधायचा.

हे तिघे कोण, ते आपल्या शाळेच्या भाषेत सांगतो. डिस्क म्हणजे आपल्या ग्रंथालयातलं पुस्तकांचं कपाट. मेमरी, म्हणजे रॅम, हे वाचनाचं टेबल. प्रोसेसर म्हणजे टेबलापाशी बसून वाचणारा विद्यार्थी. विद्यार्थी कितीही हुशार असला तरी टेबल एवढंसं असेल तर प्रत्येक पुस्तकासाठी आधीचं परत कपाटात ठेवावं लागतं. आणि कपाटातून पुस्तक काढून देणारे मामा वयस्कर असतील, तर विद्यार्थी नुसता वाट बघत बसतो. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत दहातल्या सात-आठ वेळा विद्यार्थ्याचा दोष नसतो. तो बिचारा वाट बघत असतो, आणि आपण म्हणतो, प्रोसेसर जुना झाला.

आता कपाटाचं. दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असे. तिच्यात तबकडी असते, आपल्या ग्रामोफोनसारखी, आणि तिच्यावरून सरकणारी सुई. लॅपटॉपमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला प्रचंड वाटतं. पण हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, त्यात सुई सरकण्याचा वेळ मिळवा. म्हणजे विखुरलेल्या लहान लहान फायली वाचायच्या तर सेकंदाला शंभरच्या आतबाहेरच काम होतं. विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, सगळं चिपवर. तिथे तेच काम सेकंदाला हजारोंच्या पटीत होतं. फिरणारी डिस्क काढून एसएसडी बसवली की सहा-आठ वर्षांचा लॅपटॉप नव्यासारखा वाटतो, त्याचं कारण एवढंच. तुमच्या लॅपटॉपमध्ये काय आहे ते टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्कच्या नावाखाली लिहिलेलं असतं, एचडीडी किंवा एसएसडी.

टेबलाचं, म्हणजे रॅमचं, असं. चार जीबी रॅम आज अपुरी पडते. ब्राउझरची प्रत्येक उघडी खिडकी टेबलावर जागा अडवते. मेमरी ऐंशी-नव्वद टक्के भरलेली दिसली तर आधी उघड्या खिडक्या बंद करून बघा. तरीही भरलेली असेल तर रॅम वाढवायचा विचार करा. आठ जीबी घरगुती कामाला पुरते. पण पैसे देण्याआधी दुकानदाराला एक विचारा, रॅम बदलता येते का? अलीकडच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच चिकटवलेली असते. तिथे वाढवता येत नाही.

बाईंच्या लॅपटॉपकडे परत येतो. २०१६ चा लॅपटॉप, चार जीबी रॅम, फिरणारी डिस्क. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के. इथपर्यंत कुठल्याही मेकॅनिकला कळलं असतं. पण तो टिक् टिक् आवाज. मी डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम लावला. त्याने पिवळ्या रंगात इशारा दाखवला. डिस्कवरच्या काही जागा वाचता येईनाशा झाल्या होत्या. अशी जागा आली की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तोवर सगळा लॅपटॉप गोठतो. म्हणजे बाईंचा लॅपटॉप आळशी झाला नव्हता. त्याची डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. अशा वेळी फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं असतं तर काय झालं असतं? आहे ते पुसलं गेलं असतं, आणि त्या श्रमाने डिस्कही बहुधा गेली असती.

मी बाईंना विचारलं, "यावर काय आहे?" त्या म्हणाल्या, "ओव्या."

तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल. निवृत्तीनंतर, २००५ पासून, बाई आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करत होत्या. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. प्रत्येक ओवीखाली सांगणाऱ्या बाईचं नाव, गाव, वय. त्यातल्या पुष्कळ बायका आता नाहीत. त्या एकेचाळीस फायली या एकाच डिस्कवर होत्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता मी तो लॅपटॉप लगेच का बंद केला, ते सांगतो. त्यामागे माझी एक चूक आहे. ती मी फारशी कुणाला सांगत नाही. पण आज आपल्याच माणसांत आहे.

२००९ ची गोष्ट. एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले. सुरू होत नव्हता. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "काही महत्त्वाचं आहे का यात?" ते म्हणाले, "नाही हो, ऑफिसचंच सगळं. त्याची प्रत आहे." मी दोन तासांत फॉरमॅट करून, नवं विंडोज टाकून लॅपटॉप हातात दिला. माझं मलाच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी ते पत्नीला घेऊन आले. त्या लॅपटॉपवर त्यांच्या पत्नीनेही काही ठेवलं होतं. त्यांच्या आईचा आवाज. आजारपणात शेवटचे काही दिवस आई बोलत होती, ते रेकॉर्ड केलेलं. नवऱ्याला माहीतच नव्हतं. मी तीन दिवस खटपट केली. थोडे फोटो परत मिळाले. आवाज मिळाला नाही, कारण त्या जागेवर मीच नवं विंडोज लिहिलं होतं. त्या बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. गृहस्थांनी पैसे द्यायला खिशात हात घातला. मी घेतले नाहीत. पण पैसे न घेतल्याने काय होतं?

त्या दिवसापासून दुकानात भिंतीवर मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, आधी नक्कल, मग दुरुस्ती. आणि माझा प्रश्नही बदलला. "काही महत्त्वाचं आहे का," असं मी आता विचारत नाही. मी विचारतो, "या लॅपटॉपवर घरातलं कोण कोण बसतं?" आणि त्या प्रत्येकाला फोन करायला लावतो.

तर बाईंच्या लॅपटॉपची डिस्क मी बाहेर काढली आणि दुसऱ्या मशीनला जोडली. डीडीरेस्क्यू म्हणून एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो आधी डिस्कच्या चांगल्या जागा भराभर उतरवून घेतो, आणि खराब जागांकडे सगळ्यात शेवटी वळतो. आजारी डिस्ककडून काम करून घ्यायची ही रीत. अकरा तास लागले. रात्री दुकान बंद करून मी आतच झोपलो. सकाळी बघितलं, एकेचाळीसपैकी एकोणचाळीस फायली शाबूत. दोन गेल्या.

त्यातही एक गंमत झाली. फायली उघडल्या तर सगळं गिचमीड. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, काही अर्थ लागेना. माझ्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "काका, करप्ट झाल्यात. डिलीट करू?" मी त्याचा हात धरला. त्या फायली बिघडलेल्या नव्हत्या. युनिकोड रुळण्याआधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये त्या टाइप केलेल्या होत्या. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असायचं. फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर गिचमीड. तुमच्या घरी वडिलांचं किंवा आजोबांचं जुनं मराठी लिखाण अशा फायलींत असेल, आणि नव्या लॅपटॉपवर ते असं दिसत असेल, तर पुसू नका. जुना फॉन्ट टाकला की ते दिसतं, आणि युनिकोडमध्ये बदलूनही घेता येतं. बदलल्यावर मात्र एकदा डोळ्यांनी वाचून बघावं लागतं, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. बाईंनी ते सगळं परत तपासलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. अजून त्या लाल पेनानेच तपासतात.

नक्कल हातात आल्यावर मग दुरुस्ती. ती सोपी होती. एसएसडी बसवली. रॅम चारची बारा जीबी केली. पंखा उघडला तर जाळीपाशी कापसासारखा धुळीचा थर होता, कारण बाई लॅपटॉप गादीवर ठेवून काम करायच्या आणि खालची भोकं बुजायची. तो साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. सगळं मिळून साडेपाच हजार रुपये सामानाला लागले. आता लॅपटॉप वीस सेकंदांत सुरू होतो. बाईंची तक्रार आहे की चहाला वेळच मिळत नाही.

घरी करण्यासारख्या काही गोष्टी क्रमाने सांगतो. वहीत लिहून घ्या म्हणत नाही, स्मरणिकेत छापून येणार आहे.

रोज रात्री शट डाउन करता तरी लॅपटॉपचं डोकं पूर्ण रिकामं होत नाही. विंडोजमध्ये लवकर सुरू होण्यासाठी एक सोय असते, ती आतली थोडी अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलते. बाई रोज बंद करायच्या, तरी टास्क मॅनेजरमध्ये लॅपटॉप २३ दिवस सुरू असल्याचं दाखवत होतं. म्हणून आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा. तो खरा ताजा होतो.

टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप अ‍ॅप्स नावाचं पान आहे. लॅपटॉप सुरू होताना कोण कोण आपणहून जागं होतं, त्याची ती यादी. प्रिंटरचे सहायक, गाण्यांचे, मीटिंगचे प्रोग्रॅम, रोज न लागणारे तिथे डिसेबल करा. प्रोग्रॅम जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. काय आहे ते कळत नसेल तर त्याला हात लावू नका.

डिस्क गळ्यापर्यंत भरू देऊ नका. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरलेले शुभ सकाळचे व्हिडिओ आधी काढा, हे मी आपल्या ग्रुपबद्दल बोलत नाही. एसएसडी असेल तर डीफ्रॅगचे वेगळे प्रोग्रॅम चालवू नका. तिला त्याची गरज नसते, तिची देखभाल विंडोज स्वतः करतं.

एकावर एक दोन-दोन अँटिव्हायरस ठेवू नका. दोघे एकमेकांवर पहारा करत बसतात आणि काम आपलं थांबतं. विंडोजमध्ये मुळातच डिफेंडर आहे. आणि "तुमचा पीसी दुप्पट वेगवान करा" म्हणणारे बूस्टर आणि क्लीनर टाकू नका. माझ्याकडे येणाऱ्या स्लो लॅपटॉपमधून पहिली गोष्ट मी तीच काढतो.

लॅपटॉप टेबलावर किंवा पाटावर ठेवा, गादीवर नको. पंख्यात घरचा व्हॅक्यूम क्लीनर घालू नका. हवा मारायचीच तर लॅपटॉप बंद करून, पंख्याचं पातं काडीने धरून मारा, नाहीतर ते भरभर फिरून बेअरिंग बिघडतं. आणि टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट बसेना, तर ती फुगलेली बॅटरी असू शकते. तिला टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. लॅपटॉप बंद करून दुकानात न्या.

आता आपल्या वयाच्या लोकांसाठी एक धोक्याची गोष्ट. लॅपटॉप मंद असला की माणूस वैतागलेला असतो, आणि नेमक्या अशा वेळी पडद्यावर लाल खिडकी येते, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, या नंबरवर फोन करा." फोन करू नका. खऱ्या विंडोजच्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. मायक्रोसॉफ्ट कुणाला आपणहून फोन करून तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय असं सांगत नाही. फोनवरचा माणूस एखादं अ‍ॅप टाकायला सांगतो, लॅपटॉपचा ताबा घेतो आणि बँकेपर्यंत पोचतो. खिडकी बंद होत नसेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. आणि पैसे गेलेच तर लाजू नका, उशीर करू नका, त्याच क्षणी १९३० या नंबरवर तक्रार करा. आपल्या वर्गातल्या एकाने लाजेपायी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. त्या दोन दिवसांत पैसे पुढे निघून गेले.

बऱ्याच जणांचा प्रश्न विंडोज १० चा आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही, पण सुरक्षेची नवी अपडेट आता आपोआप येत नाहीत. नोंदणी केली तर घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ती मिळतात. तुमचा लॅपटॉप विंडोज ११ घेऊ शकतो का, ते मायक्रोसॉफ्टच्याच पीसी हेल्थ चेक या प्रोग्रॅमने कळतं. साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्यात बसत नाहीत. बाईंचा बसला नाही. आम्ही तूर्त नोंदणी केली आहे, आणि पुढच्या दिवाळीआधी लिनक्स मिंट टाकून देणार आहे. मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि मराठी टाइप करता येतं. ज्यांना टॅलीसारखा ठरावीक प्रोग्रॅम लागतो त्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं. आणि नवा लॅपटॉप केव्हा घ्यायचा? बोर्ड गेला असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर खुशाल घ्या. त्याआधी नको.

आता परत नकलेकडे. एसएसडी वेगवान असते, पण ती जाते तेव्हा बहुधा टिक् टिक् करून सांगत नाही, एके सकाळी दिसेनाशीच होते. तिच्यावरून पुसलेलं परत मिळणंही फार कठीण. म्हणजे वेग वाढला तशी नकलेची गरज वाढली. जुना साधा नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला कुलूप असतं, बिटलॉकर म्हणतात. त्याची ४८ आकड्यांची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. दुरुस्तीला देण्याआधी ती सापडते का बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. ती हरवली तर माझ्यासारखा कुणीही काही करू शकत नाही.

बाईंच्या ओव्यांच्या आता चार प्रती आहेत. एक लॅपटॉपवर, एक त्यांच्या कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर, एक नाशिकला मुलीकडे आणि एक आपल्या शाळेच्या ग्रंथालयात, मुख्याध्यापकांनी ठेवून घेतली आहे. ज्या दोन फायली गेल्या, त्या बाईंच्या जुन्या वहीतून परत टाइप होत आहेत. शेवटी वहीच कामाला आली, हे मी मेकॅनिक असूनही कबूल करतो.

एक शेवटचं. त्या रात्री नक्कल नीट झाली का हे बघायला मी मधली एक फाइल उघडली, फॉन्ट टाकून. वर सांगणाऱ्या बाईचं नाव होतं. ते माझ्या आईचं होतं. २००७ साली बाई आमच्या घरी आल्या होत्या, मी दुकानात होतो. आईने अकरा ओव्या सांगितल्या होत्या. २०११ ला आई गेली. मला त्यातली एकही माहीत नव्हती. त्या यादीत या सभागृहातल्या आणखी पाच जणांच्या आयांची नावं आहेत. त्यांना बाई आज छापील प्रत देणार आहेत, मी नावं सांगत नाही.

लॅपटॉपमध्ये काय आहे हे ज्याचा लॅपटॉप आहे त्यालाही पुष्कळदा माहीत नसतं, मेकॅनिकला तर नसतंच. म्हणून वेगाच्या मागे लागण्याआधी नक्कल करा. आज घरी गेल्यावर एवढंच करा.

ज्यांनी संयोजकांच्या सूचनेप्रमाणे लॅपटॉप बरोबर आणलेत, त्यांच्यासाठी मी जेवणानंतर आपल्या जुन्या प्रयोगशाळेत बसतो आहे. येताना पेनड्राइव्ह आणा. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी मी वीस आणलेत. पण आधी नक्कल, मगच मी स्क्रू ड्रायव्हर काढीन.

बाई, काही अशुद्ध बोललो असेन तर जेवताना सांगा.